पायरी कोणाची?

मराठीत ‘पायरी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांना लागूनच राहतात. एक पायरी दगडाची किंवा सिमेंटची, दुकानाच्या दारात असते ती. दुसरी माणसाची. ‘पायरी ओळखून वागावे’ असे एखाद्याला सुनावले जाते, तेव्हा त्याने कुठवर यायचे हे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवलेले असते. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या माणसाला दारातली सहा इंचांची पायरी नेमके हेच सांगते, आणि तेही कोणी काही बोलल्याशिवाय.

ही पायरी काढायचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. अमेरिकेतल्या अनेक नगरपालिकांनी त्यावर एक उत्तर काढले आहे: छोट्या दुकानदारांना अनुदान द्यायचे आणि ज्या समाजगटांची आजवर नीट दखल घेतली गेली नाही त्यांना अधिक चांगली सेवा द्यायला लावायचे. कुठे दारातल्या उतारासाठी पैसे, कुठे रुंद दरवाजासाठी, कुठे दुसऱ्या भाषेतल्या मेन्यूसाठी किंवा नोकरांच्या प्रशिक्षणासाठी. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहराने अडथळे काढण्याच्या कामासाठी असे अनुदान देऊ केले आहे. हेतू चांगला आहे, यात वाद नाही. तरीही एक शंका उरते. जे करणे दुकानदाराचे कर्तव्यच आहे, त्यासाठी त्याला सार्वजनिक तिजोरीतून पैसे का द्यायचे? कर्तव्याला अनुदान असते का?

या योजनांची भाषा मराठीत आणू पाहणारा अनुवादक पहिल्याच ओळीत अडखळतो. या समाजगटांसाठी तिथे वापरल्या जाणाऱ्या शब्दाचा शब्दशः अर्थ होतो ‘पुरेसे प्रतिनिधित्व नसलेले’. पण प्रतिनिधी लागतो तो विधिमंडळात, पंचायतीत, समितीवर. दुकानात कोणी प्रतिनिधी पाठवत नाही. तिथे स्वतः जायचे असते. ‘वंचित’ म्हणावे तर तो शब्द आपल्याकडे एका लढ्याचा इतिहास घेऊन येतो आणि कोणीतरी वंचित ठेवले आहे असा आरोपही करतो. मूळ शब्द आरोप टाळतो. ‘सेवा’ या शब्दाची अडचण याहून मोठी. दुकानदार सेवा देतो, भक्त सेवा करतो, आणि सरकारी योजनेत सेवेचा ‘लाभ’ घेतला जातो. या तिसऱ्या अर्थाने माणूस दुकानात शिरला की तो गिऱ्हाईक राहत नाही, लाभार्थी होतो. गिऱ्हाईक भाव करते, नाक मुरडते, काही न घेता निघून जाते. लाभार्थ्याने आभार मानायचे असतात.

शंका घेणाऱ्यांच्या बाजूने एक पुरावाही आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी हे त्याचे लेखक. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होईल अशी अपेक्षा होती. तो वाढून जवळजवळ दुप्पट झाला. पुढे दंड रद्द केला तरी उशीर कमी झाला नाही. आधी पालकांना शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती. दंड आल्यावर ती लाज एका किमतीत बदलली, आणि किंमत देता येते. दंडाचे जे झाले ते बक्षिसाचेही होऊ शकते. दारातली पायरी काढायला पैसे मिळतात हे कळले, की पैसे मिळेपर्यंत पायरी ठेवायला दुकानदार मोकळा होतो.

या शंकेला उत्तर शोधताना मला अमेरिकेपेक्षा मुंबई इलाखा आधी आठवतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत, अशी ती शिफारस होती. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे मात्र कागदावरच खुले राहिले. १९२६ साली बोले यांनी आणखी एक ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि स्थानिक संस्था हा निर्णय अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, ते या पार्श्वभूमीवर.

इथे अनुदानाची दिशा उलटी आहे. बोले यांनी तळे खुले करण्यासाठी पैसे द्या असे म्हटले नाही. ज्याने सर्वांच्या पैशावर काही उभे केले त्याने ते सर्वांना खुले ठेवलेच पाहिजे, आणि ठेवले नाही तर पैसे थांबवा, असे म्हटले. हे बरोबर होते, कारण तळे खुले करायला खर्च काहीच नव्हता. तळे होते, पाणी होते, वाट होती. अडथळा फक्त माणसांच्या मनात आणि त्यांच्या काठ्यांत होता. ज्या नकाराला पैसा लागत नाही, तो नकार थांबवायलाही पैसा देता कामा नये. दिला तर तो खंडणीसारखा होतो.

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात तळी, विहिरी, स्नानाचे घाट यांच्याबरोबर दुकानांचाही उल्लेख आला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणालाही दुकानात जाण्यापासून रोखता येत नाही. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या कलमावर चर्चा झाली, तेव्हा आंबेडकरांनी ‘दुकान’ या शब्दाची व्याप्ती स्पष्ट केली. हा शब्द केवळ आत येऊ देण्यापुरता नाही. व्यवहाराच्या अटी मान्य असतील तर सेवाही द्यावीच लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्यातल्या सार्वजनिक जागांच्या प्रकरणात हॉटेले, खाणावळी, नाट्यगृहे आहेत. सर्वसाधारण दुकानांचे नाव तिथे नाही. आपल्या संविधानकर्त्यांना दुकान आठवले, कारण कोणाला काय हातात मिळते आणि कोणाला लांबून टाकले जाते, हे त्यांनी पाहिले होते.

मग सिमेंटच्या पायरीचे काय? इथे मला वाटते प्रश्न बदलतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा अमेरिकी कायदा १९९०चा. जुन्या दुकानांतले जे अडथळे फारसा त्रास किंवा खर्च न होता काढता येतील, ते काढलेच पाहिजेत, असे तो सांगतो. म्हणजे कायदा स्वतःच दुकानदाराचा खिसा तपासतो. मोठ्या साखळी दुकानासाठी जे सहज आहे, ते कोपऱ्यावरच्या किराणावाल्यासाठी सहज नसते. त्याच वर्षी छोट्या धंद्यांसाठी करसवलतही आली: २५० ते १०,२५० डॉलरच्या दरम्यान झालेल्या अशा खर्चाचा अर्धा भाग, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ५,००० डॉलर, करातून वजा. कायदा आणि मदत एकाच वर्षी आली, हा क्रम महत्त्वाचा आहे. कर्तव्य आधी सांगितले गेले, मग त्याचा भार वाटून घेतला गेला. या क्रमाने दिलेले अनुदान कर्तव्य विकत घेत नाही, ‘परवडत नाही’ ही सबब काढून घेते. हैफात नेमका हाच क्रम नव्हता. तिथे कर्तव्य न सांगता फक्त दर सांगितला गेला.

शिवाय पायरी एकट्या दुकानदाराची नसते. इमारत बहुधा दुसऱ्याच्या मालकीची असते. तिचा नकाशा कधीतरी नगरपालिकेनेच मंजूर केलेला असतो. पायरीपुढचा पदपथही शहराचा. एकास बारा या प्रमाणात उतार करायचा तर सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांबी लागते, आणि ती बहुतेक वेळा पदपथावरच जाते. म्हणजे त्या पायरीत शहराचाही वाटा आहे. शहर तिच्यासाठी पैसे देते तेव्हा ते औदार्य दाखवत नाही, आपल्या वाट्याची थकबाकी भरते. सॅन फ्रान्सिस्कोने २०१६च्या आपल्या नियमात प्रवेशद्वार सुगम करण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर टाकली, ती याच न्यायाने. भाडेकरू बदलतात, पायरी तिथेच राहते.

हे वाटप केले नाही तर काय होते तेही पाहायला हवे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्याला दुकानाचीच पायरी चढता येत नाही त्याला सांगण्यात अर्थ नाही. कायदा त्याला कोर्टाकडेच बोट दाखवतो. कॅलिफोर्नियात अशा प्रत्येक प्रसंगासाठी किमान ४,००० डॉलर भरपाईची तरतूद आहे. तिथे समोर उभा राहणारा दुकानदार पुष्कळदा स्वतःच परका असतो: दुसऱ्या देशातून आलेला, इंग्रजीत अडखळणारा, भाड्याच्या जागेत जेमतेम तगून राहिलेला. एका उपेक्षिताचा हक्क दुसऱ्या उपेक्षिताच्या गल्ल्यातून वसूल होतो, आणि इमारतीचा मालक व शहर बाजूला उभे राहून पाहतात. दोघांपैकी कोणाचीही बाजू चुकीची नसलेले हे भांडण असते. अनुदानाचे सर्वांत चांगले समर्थन मला इथे दिसते.

अर्थात अनुदान हातात कसे पडते यावर बरेच अवलंबून आहे. आधी स्वतः खर्च करा, पावत्या द्या, मग पैसे परत मिळतील, अशी अट असेल तर ज्याच्याकडे शिल्लक आहे त्यालाच ते मिळते. अर्ज एकाच भाषेत असेल तर ज्याला ती भाषा येते त्याला. न्यूयॉर्कने २०१७ साली कायदा करून आपल्या खात्यांना महत्त्वाची कागदपत्रे इंग्रजीखेरीज दहा भाषांत देणे बंधनकारक केले. त्यांत बंगाली आहे, उर्दू आहे. तो बोजा शहराने स्वतःवर घेतला. बंगाली मेन्यू छापायची सक्ती खानावळवाल्यावर केली नाही. हा फरक मला योग्य वाटतो. खानावळवाल्याने मेन्यू बंगालीत केला तर ती आपुलकी आहे, आणि आपुलकीला प्रोत्साहन म्हणून शहराने थोडे पैसे दिले तर बिघडत नाही. फक्त त्याला हक्काचे नाव देऊ नये, आणि हक्काला आपुलकीचे.

म्हणून अनुदान योग्य की अयोग्य, याचे एकच उत्तर देता येत नाही. दारातून माणसाला त्याच्या जातीमुळे किंवा रंगामुळे परत पाठवणे थांबवायला एक पैसाही देऊ नये. तिथे बोले यांचा १९२६चा मार्ग बरोबर. दगडाची पायरी काढायला ज्यांनी ज्यांनी ती घातली त्या सर्वांनी वाटा उचलावा, आणि त्यात सार्वजनिक पैसा असावा. त्यापलीकडच्या गोष्टींना हवे तर उत्तेजन द्यावे. या तीन गोष्टी एकाच योजनेत, एकाच गोड शब्दाखाली घातल्या, की सर्वांत स्वस्त कर्तव्यालाही किंमत मागितली जाऊ लागते.

योजना फळली की नाही हे ओळखायची एक साधी कसोटी मात्र आहे. किती दुकानांना पैसे गेले, किती उतार झाले, हे अहवालात येईल. पण त्या उतारावरून आत गेलेल्या माणसाला चार वस्तू पाहून, भाव विचारून, काही न घेता, कोणाचेही आभार न मानता बाहेर पडता आले पाहिजे. तेवढे जमले, की तो लाभार्थी उरला नाही, गिऱ्हाईक झाला असे समजावे.