कवटी नेमकी कुठे आहे?

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ अमेरिकेत १९९३ साली बाजारात आला. त्याच्या पहिल्याच संचात ‘अनहोली स्ट्रेंग्थ’ नावाचे एक कार्ड होते. चित्र डग्लस शुलर यांचे. जोर चढलेला एक पुरुष आणि त्याच्या पाठीमागे पेटलेली पंचकोनी चांदणी. १९९५ च्या चौथ्या आवृत्तीत हेच चित्र पुन्हा छापले गेले, पण चांदणी पुसून. माणूस तसाच राहिला, त्याचा आवेशही तसाच. फक्त तो कशाच्या बळावर आहे हे सांगणारी खूण गेली. पाठोपाठ ‘डीमन’ हा प्राण्यांचा प्रकारच प्रकाशकांनी छापायचा थांबवला. तो परत यायला २००२ उजाडले.

त्या काळच्या अमेरिकेत हे नवलाचे नव्हते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणारी मुले सैतानाच्या नादी लागतात, अशी हाकाटी सगळे ऐंशीचे दशक चालली होती. गाण्याच्या तबकड्या उलट्या फिरवून त्यांत दडलेले संदेश ऐकणारे लोक होते. ‘जुडास प्रीस्ट’ या इंग्लिश वाद्यवृंदावर तर असल्याच आरोपावरून नेवाडा राज्यात खटला चालला. तबकडीत दडवलेल्या शब्दांमुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली, असे फिर्यादींचे म्हणणे होते. १९९० मध्ये न्यायाधीशांनी निकाल वाद्यवृंदाच्या बाजूने दिला. पण निकालाने सवय मोडत नाही. वर दिसते त्याच्या खाली काहीतरी आहे आणि ते वाईटच असणार, हा संशय मागे उरला. पत्त्यांच्या चित्रांकडे आधी त्या संशयाने पालकांनी पाहिले. पुढे खेळणारे तसे पाहू लागले, पण भीतीने नव्हे, हौसेने.

या हौसेला खतपाणी पुसण्यानेच मिळाले, असे मला वाटते. हेंड्रिक व्हान आन्थोनिसेन या डच चित्रकाराचे १६४१ च्या सुमाराचे एक चित्र केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. स्खेवेनिंगेनचा किनारा, थंडीचे दिवस, आणि वाळूवर घोळक्याने उभी असलेली माणसे. ही माणसे अशा हवेत तिथे काय पाहत आहेत, हे कित्येक पिढ्यांना कळत नव्हते. चित्र साफ करताना वरचा रंग निघाला आणि खालून किनाऱ्याला लागलेला मेलेला देवमासा वर आला. ही गोष्ट २०१४ ची. दिवाणखान्यात मढे नको म्हणून कोणीतरी तो रंगाखाली गाडला असावा. मासा गेला, बघे राहिले. पुसणाऱ्याला सगळे पुसता येत नाही. इतरांच्या नजरा तिकडेच लागलेल्या राहतात.

चित्रात भीषण गोष्ट लपवायच्या दोन अगदी वेगळ्या रीती पूर्वीपासून आहेत, आणि त्यांची गल्लत होते. पहिली रीत होल्बाइनची. त्याचे १५३३ चे ‘द अँबॅसडर्स’ लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोन श्रीमंत, विद्वान पुरुष, मध्ये उपकरणे, पुस्तके, वाद्ये. त्यांच्या पायांजवळ एक तिरकस, ओढून ताणल्यासारखा फिकट पट्टा. समोरून त्याचा अर्थ लागत नाही. चित्राच्या उजव्या कडेला जाऊन तिरपे पाहिले की तो आकसतो आणि कवटी होतो. वाद्याची एक तार तुटलेली आहे, तीही शोधली तरच दिसते. इथे वस्तू चित्रात आहे. उभे राहायची जागा तेवढी बदलावी लागते.

दुसऱ्या रीतीत वस्तू चित्रात नसतेच. लेसिंगने १७६६ साली ‘लाओकून’ या ग्रंथात ती उलगडून दाखवली. चित्रकाराच्या आणि शिल्पकाराच्या हाती एकच क्षण असतो. तो कळसाचा निवडला तर पाहणाऱ्याच्या कल्पनेला पुढे जायला वाट राहत नाही. म्हणून तिमोमाखस या ग्रीक चित्रकाराची त्याने वाखाणणी केली. तिमोमाखसने मिडिया मुलांना मारताना रंगवली नाही, मारण्याच्या थोडे आधी, मन दुभंगलेली रंगवली. लेसिंगच्या हजारभर वर्षे आधी वेरूळच्या पंधराव्या, दशावतार लेण्यातल्या शिल्पकाराला हे ठाऊक होते. तिथला हिरण्यकश्यपू अजून आपल्या पायांवर उभा आहे, त्याचे शस्त्र त्याच्याकडे आहे, आणि नरसिंहाचा हात नुकता त्याच्यावर पडला आहे. मांडी नाही, फाडलेले पोट नाही, आतड्यांची माळ नाही. ते सगळे आपण घडवतो, आणि दगडातल्यापेक्षा जास्त घडवतो.

उलट आपल्याकडच्या छापील देवादिकांच्या तसबिरींत रक्त उघड वाहते. मुंडमाळा घातलेली काली घराघरात भिंतीवर असते आणि तिच्याखाली मुले निवांत गृहपाठ करतात. भीषणता मोठी असली म्हणजे भय वाटतेच असे नाही. ती अर्धवट दिसली की वाटते.

एकोणिसाव्या शतकाने यात तिसरी गोष्ट आणली. जोव्हान्नी मोरेल्ली या इटालियन जाणकाराने १८७० च्या दशकात सांगितले की, चित्र कोणाचे हे ओळखायचे तर चेहरा आणि हावभाव पाहू नका. कानाची पाळी, नख, असे चित्रकार बेसावधपणे काढतो ते पाहा. म्हणजे खूण कोणी लपवलेली नाही, ती सुटून गेलेली आहे. कार्लो गिन्झबर्ग या इतिहासकाराने १९७९ मध्ये मोरेल्ली, शेरलॉक होम्स आणि फ्रॉइड या तिघांना याच धाग्यात ओवले. धागा पक्का आहे, आणि धोक्याचाही. लिओनार्दोच्या बालपणीच्या एका आठवणीतल्या गिधाडावर फ्रॉइडने १९१० साली मोठा डोलारा उभारला. १९१३ मध्ये फ्रॉइडचा अनुयायी ऑस्कर फिस्टर याला लूव्ह्रमधल्या लिओनार्दोच्याच चित्रात, मेरीच्या निळ्या वस्त्राच्या चुण्यांत, अख्खे गिधाड दिसले. फ्रॉइडने ते पुढच्या आवृत्तीत तळटीप म्हणून घेतलेही. लिओनार्दोच्या मूळ टिपणातला पक्षी मात्र घार होता. इतक्या मातब्बर माणसांना चुण्यांत गिधाड दिसते, तर चौदा वर्षांच्या पोराला कार्डावरच्या ढगात प्रेत दिसले म्हणून हसायचे कारण नाही.

आता कार्डाकडे. त्याचे माप ६३ बाय ८८ मिलिमीटर. नाव, नियम आणि आकडे वजा जाता चित्राला पाचेक सेंटिमीटर रुंदी आणि चारेक सेंटिमीटर उंची मिळते. चित्रकार याच्या कितीतरी पट मोठे चित्र रंगवतो. टेबलावर प्रतिस्पर्ध्याचे कार्ड तर आपल्याला उलटे दिसते, तेही लांबून. १९९३ मध्ये कोपऱ्यातला तपशील पाहायला भिंग लागले असते, आणि डाव सोडून भिंग कोण धरतो? मग चित्रे पडद्यावर मोठी करून पाहता येऊ लागली. छापताना बुडालेले तपशील वर आले, आणि चित्रकारही ते पाहिले जाणार हे धरून रंगवू लागले.

‘एलेश नॉर्न, ग्रँड सेनोबाइट’ हे २०११ चे कार्ड या बदलाचे चांगले उदाहरण आहे. चित्र इगॉर किएरिलुक यांचे. हातभर अंतरावरून दिसते ते असे: चिनी मातीसारख्या पांढऱ्या कवचातली एक उंच, राजस आकृती, पसरलेल्या मुकुटासारखे डोके, आणि पांढऱ्याच्या अधेमधे तांबडे काही, वस्त्र असावे असे. जवळ आणल्यावर कळते की तांबडे ते वस्त्र नाही. ते स्नायू आहेत, कातडी नसलेले. डोळे असायला हवेत तिथे डोळे नाहीत. या खेळाच्या कथेत नॉर्नच्या पंथाचे मत असे की कातडी जीवाला जीवापासून वेगळे करते, म्हणून ती काढून टाकावी आणि सगळ्यांनी एक व्हावे. खेळात पांढरा हा शिस्तीचा, समूहाचा, शुश्रूषेचा रंग. किळस काळ्या रंगाच्या कार्डावर असती तर कोणी दुसऱ्यांदा पाहिले नसते. इथे रक्ताचा एक थेंब सांडलेला नाही आणि घाव घालणारा कोणी नाही. होल्बाइनची वस्तू आणि लेसिंगचा न दाखवलेला क्षण इथे एकत्र आले आहेत: सोलणे केव्हाच होऊन गेले आहे, आपल्याला त्याची स्वच्छता दिसते.

२०१६ मध्ये प्रकाशकांनी ही शोधाची सवयच कथेला जुंपली. ‘शॅडोज ओव्हर इनिस्ट्राड’ या एप्रिलच्या संचात भयकथांमधला नेहमीचा मुलूख होता: धुके, चर्च, लांडगे. पण चित्रांतले दगड पिळवटलेले, देवदूत बिथरलेले, माणसांच्या अंगावर जाळीदार काहीतरी उगवलेले. या सगळ्यामागे कोण आहे हे जुलैच्या ‘एल्ड्रिच मून’ संचापर्यंत उघड सांगितले नव्हते, पण चित्रे ताडून पाहणाऱ्या बऱ्याच जणांना एमराकुल या जुन्या राक्षसी शक्तीचा माग आधीच लागला होता. त्या दुसऱ्या संचात हॅनवेअर गावाची तटबंदी आणि तिची शिबंदी ही दोन कार्डे शेजारी लावली की त्यांच्या मागच्या बाजू जुळून एकच मोठे चित्र होते: गाव आणि माणसे यांचे मिळून झालेले एक जिवंत मांस. खूण पेरणारा आणि खूण उचलणारा यांच्यात आता करारच झाला होता. कबूल करतो, मला या प्रकारात थोडा कंटाळा येतो. पेरलेली खूण सापडण्यात कोडे सुटल्याचा आनंद असतो. भय फारसे नसते.

भय कुठून येते याचा मासला दुसऱ्याच खेळात सापडतो. पोकेमॉनच्या एका जपानी कार्डावर, कोगा या निंजाच्या डावपेचाच्या, मांजी हे बौद्ध चिन्ह होते, म्हणजे आपले स्वस्तिकच. १९९९ च्या अखेरीस अमेरिकेतल्या ज्यू संघटनेने हरकत घेतली आणि कंपनीने ते कार्ड थांबवले. इंग्रजी आवृत्तीत चिन्ह राहिले नाही. जपानी चित्रकाराने काही लपवले नव्हते. दाराच्या उंबऱ्यावर तीच आकृती रोज काढणाऱ्या आपल्याकडच्या घरांना त्यात काही खटकलेही नसते. पण ज्यांच्या घरातली माणसे त्या चिन्हाखाली मारली गेली, त्यांना ते कार्ड निष्पाप वाटावे अशी अपेक्षा कोण करील?

याच्या नेमके उलटे ‘इन्व्होक प्रेज्युडिस’ या १९९४ च्या कार्डाचे. टोकदार बुरख्यांतल्या आकृत्या, हाती कुऱ्हाड. अमेरिकेत वाढलेल्या कोणालाही कू क्लक्स क्लान आठवावा असे ते चित्र. नावात पूर्वग्रह आहे. आणि नियम असा: प्रतिस्पर्ध्याने आणलेला प्राणी तुमच्या एखाद्या प्राण्याच्या रंगाशी जुळत नसेल, तर जादा किंमत मोजल्याशिवाय त्याला डावात येता येत नाही. जून २०२० मध्ये प्रकाशकांनी हे आणि आणखी सहा कार्डे बाद केली, त्यांची चित्रे आपल्या संग्रहातून काढली. त्या सहांत ‘प्रदेश जिप्सीज’ नावाचेही एक होते, हे मराठी वाचकाला सांगावेसे वाटते. तेव्हा फार चर्चा झाली ती एका क्रमांकाची. प्रकाशकांच्या संगणकीय यादीत ‘इन्व्होक प्रेज्युडिस’चा क्रमांक १४८८ होता, आणि हा आकडा नवनाझींचा संकेत आहे. आकडा योगायोगाने आला असेल असे मानायला जागा आहे. पण लपलेले शोधणाऱ्यांना तोच सापडल्याचे समाधान जास्त झाले. नाव, चित्र, नियम तिन्ही सव्वीस वर्षे उघड्यावर पडलेले होते. त्यात शोधण्यासारखे काही नव्हते, वाचण्यासारखे होते.

म्हणून चित्राच्या अर्थाची परीक्षा मी आता चित्राच्या कोपऱ्यात करत नाही, नियमाच्या चौकटीत करतो. होल्बाइनच्या चित्रापुढे माणूस नुसता पाहणारा असतो. कार्ड हाती घेणारा करणारा असतो. कार्डात काय भीषण आहे हे ते कार्ड त्याच्याकडून काय करवून घेते यावरून ठरते, आणि ते पाहायला चित्र मोठे करावे लागत नाही.

‘स्कलक्लॅम्प’ हे २००४ चे कार्ड घ्या. नावाप्रमाणे कवटीला लावायचा शिकंजा. नियम तीन ओळींचा. ज्या प्राण्याला तो लावाल त्याची मारण्याची ताकद एकाने वाढते, सोसण्याची एकाने घटते. तो प्राणी मेला की तुम्ही दोन नवी कार्डे उचलायची. शिकंजा दुसऱ्या कोणाला लावायला एकच एकक शक्ती लागते. शिकंजा म्हणजे बळ देणारे हत्यार, असे वाचणाऱ्याला सुरुवातीला वाटते. खेळणाऱ्यांना हिशेब चटकन कळला: ज्याची सोसण्याची ताकद मुळात एकच आहे अशा किरकोळ प्राण्याला तो लावायचा. आकडा शून्यावर येतो, प्राणी जागीच मरतो, दोन कार्डे हातात. पुढचा गॉब्लिन. पुन्हा दोन. या खेळात कार्डे म्हणजे तुम्हाला ठाऊक असलेले मंत्र, म्हणजे ज्ञान. लहानसहान जीवांची डोकी एकामागून एक आवळून ज्ञान काढायचे हे यंत्र आहे, आणि ते चालवताना कोणाचा हात थरथरल्याचे ऐकिवात नाही. चित्रातल्या कोपऱ्यांवर पानेच्या पाने लिहिणारे लोकही या कार्डाबद्दल बोलतात ते त्याच्या वेगाबद्दल.

जून २००४ मध्ये ‘स्टँडर्ड’ प्रकारच्या स्पर्धांतून स्कलक्लॅम्पवर बंदी आली. कारण एवढेच, की ज्याच्या डेकमध्ये ते नाही त्याला जिंकणे अवघड झाले होते.