चोरीपासून सुरू झालेली पाळत

१९७२ साली अ‍ॅलन के या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने एका यंत्राची कल्पना कागदावर मांडली. वहीएवढं, मुलांना कुठेही नेता येईल असं ते यंत्र. त्याने त्याला नाव दिलं ‘डायनाबुक’. मुलाने त्यावर लिहावं, चित्रं काढावीत, स्वतःचे प्रोग्राम रचून पाहावेत, ही अपेक्षा. त्या वेळी असं यंत्र बनवणं शक्यच नव्हतं, पण कल्पनेत एक गोष्ट गृहीत होती: यंत्र मुलाचं. त्या यंत्रातून कुणी मुलाकडे बघेल, हा विचार त्या मांडणीत कुठेच नाही.

तीस वर्षांनी, २००२ मध्ये, अमेरिकेतल्या मेन राज्याने सातवीच्या मुलामुलींना सरसकट लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. कागदावरचं स्वप्न वर्गात आलं, मात्र येताना मालक बदलला. यंत्र आता शाळेचं होतं आणि मुलाला वापरायला दिलेलं होतं. पुढचा सगळा वाद या एका बदलातून निघाला आहे.

शाळेला मुलाची झडती घेता येते का, हा प्रश्न अमेरिकेत त्याआधीच न्यायालयात जाऊन आला होता. शाळेच्या स्वच्छतागृहात सिगारेट ओढल्याच्या संशयावरून एका मुलीची पर्स तपासली गेली. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की विद्यार्थ्यालाही खासगीपणा आहे. शाळेला पोलिसांसारखं वॉरंट लागणार नाही, पण संशयाला वाजवी कारण हवं. म्हणजे आधी संशय, मग झडती. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे तोच उलटा झाला.

२००० साली मुलांच्या इंटरनेट-संरक्षणाचा कायदा आला. इंटरनेटसाठी सरकारी सवलत हवी असेल तर शाळांनी अश्लील मजकूर अडवावा आणि मुलांच्या ऑनलाइन वापरावर लक्ष ठेवावं, अशी त्यात अट होती. याच कायद्यात हेही लिहिलंय की कुठल्याही विशिष्ट व्यक्तीच्या वापराचा माग काढणं त्याने बंधनकारक केलेलं नाही. पाळतीच्या समर्थनार्थ हा कायदा पुढे केला जातो, तेव्हा हे वाक्य सहसा गाळलं जातं.

मग लोअर मेरियन. फिलाडेल्फियाजवळची ही सुखवस्तू वस्ती. तिथल्या शाळांनी हायस्कूलच्या सुमारे २,३०० विद्यार्थ्यांना मॅकबुक दिले. त्यात चोरी झाल्यास माग काढणारी सोय होती: ती दुरून चालू केली की ठरावीक मिनिटांनी कॅमेरा समोरचा फोटो काढायचा, पडद्याचंही चित्र घ्यायचा आणि दोन्ही शाळेच्या सर्व्हरवर पाठवायचा. पालकांना याची कल्पना नव्हती. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये हॅरिटन हायस्कूलमधल्या एका मुलाला उपमुख्याध्यापिकेने बोलावून घेतलं. घरातल्या त्याच्या वागण्याबद्दल तिच्याकडे पुरावा होता: लॅपटॉपने त्याच्या खोलीत काढलेला फोटो. मुलाच्या बाजूचं म्हणणं असं की त्याच्या हातातल्या गोळ्या खाऊच्या होत्या. शाळेला त्या अमली पदार्थ वाटल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये खटला उभा राहिला. चौकशीत ५० हजारांहून अधिक चित्रं सापडली. त्यांतली काही अशा यंत्रांनी काढलेली होती जी हरवल्यानंतर परतही मिळाली होती. सोय बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. गुन्हेगारी हेतूचा पुरावा नाही म्हणून फौजदारी कारवाई झाली नाही. शाळेने ६,१०,००० डॉलर मोजून प्रकरण मिटवलं.

हा खटला आठवताना लोक चोरून बघणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल बोलतात. मला त्यातला निष्काळजीपणा जास्त भीतिदायक वाटतो. मुलांवर नजर ठेवायचीच, असं ठरवून हे झाल्याचं चौकशीत दिसलं नाही. पाळत सुरू करायला एक बटण पुरलं. थांबवायची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

चोरी रोखायला हे सगळं लागतं का? त्याच सुमारास ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचं हिरवं-पांढरं यंत्र गरीब देशांतल्या मुलांपर्यंत पोचत होतं. २००७ मध्ये ते आपल्या कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेतही आलं. त्याच्या सुरक्षा-आराखड्यात चोरीचा विचार होता, पण उपाय वेगळा होता: चोरीची नोंद झाली की यंत्र निकामी व्हावं. फोटो काढायची गरज नाही, कुणाच्या घरात डोकावायची तर नाहीच.

पुढच्या दशकात कॅमेऱ्याचा प्रश्न मागे पडला, कारण बघण्याची जागा वाचण्याने घेतली. स्वस्त क्रोमबुक लॅपटॉप शाळाशाळांत पोचले, कोविडच्या साथीच्या काळात तर घराघरांत. मुलाचा निबंध, ईमेल, शोधलेले शब्द हे सगळं गॅगल, गोगार्डियन, सिक्युरली यांसारखी सॉफ्टवेअर चाळू लागली. कारणही बदललं. आता चोर नव्हता, आत्महत्या होती, शाळेतला गोळीबार होता. या कारणांना हसण्यावारी नेता येत नाही. मध्यरात्री शाळेच्या लॅपटॉपवर मरणाबद्दल लिहिणाऱ्या मुलीचा इशारा कुणाला वेळेवर मिळाला, तर तो मिळू नये असं कोण म्हणेल?

तरीही मी पाळतीच्या बाजूचा नाही. पूर्वी मुलांचा खासगीपणा कायद्याने जितका जपला, त्याहून जास्त गुरुजींच्या मर्यादेने जपला. पन्नास मुलांच्या वर्गात एकाच माणसाचे दोनच डोळे. बघायला वेळ लागायचा, म्हणून बघण्याआधी कारण लागायचं. यंत्राने तो खर्च शून्यावर आणला. आता आधी सगळ्यांचं सगळं वाचलं जातं आणि त्यातून संशय तयार होतो. संगणनशक्ती स्वस्त झाली आणि १९८५ चा क्रम निरुपयोगी ठरला.

शिवाय यंत्राला शब्द कळतो, माणूस कळत नाही. ‘गे’, ‘लेस्बियन’ हे शब्द गॅगलच्या धोक्याच्या यादीत होते. टीका झाल्यावर २०२३ च्या सुमारास ते काढले गेले. तोवर कुणा मुलाने स्वतःबद्दल घरी सांगण्याआधी शाळेला कळलं असणं अगदी शक्य आहे. ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे तो हे सगळं टाळू शकतो; ज्याला शाळेच्याच यंत्राचा आधार, त्याची डायरीही तेच आणि गुप्तहेरही तेच.

आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढण्यावर आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यावर बंदीची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी शाळांना त्यातून सूट दिली: शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी असेल तर चालेल. ‘सुरक्षितता’ या शब्दात काय मावत नाही? तेव्हा शाळा टॅब देईल, एखादं अ‍ॅप घ्यायला लावेल, त्या दिवशी पालकसभेत विचारा की हे काय वाचतं, कोण बघतं, किती दिवस ठेवतं आणि बंद कोण करतं. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.