नावानिशी पाहिलेले फूल

माघ सरता सरता रोहण्याच्या शिवारात पऱ्हाट्या उपटून होतात, हरभरा सोंगणीला येतो आणि धुऱ्यांवर, नाल्याकाठी पळसाला फुले लागतात. पुलगावहून आर्वीकडे निघालेल्या माणसाला एसटीच्या खिडकीतूनही तो रंग दिसतो आणि बरे वाटते. एवढ्यावर थांबावे, की हा पळस, तो पांगारा, पलीकडची ती काटेसावर अशी ओळख करून घ्यावी? प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या तासाला शोभणारा वाटेल. माझ्या मते तो धर्माचा आहे. आपल्याबाहेर जे आहे त्याकडे कसे पाहायचे, हे धर्म शिकवत नसेल तर दुसरे काय शिकवतो? माझे म्हणणे असे की फुललेले झाड न ओळखता घेतलेला आनंद बहुतेक वेळा आपल्याच मनाचा असतो. झाडाचा आनंद ओळखीनंतर सुरू होतो, आणि म्हणून ओळखणे हे उपासनेचेच अंग आहे.

मुंबईतले उदाहरण घेऊ. पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या पट्ट्यात उन्हाळा लागताना रस्त्याच्या कडेची झाडे गुलाबी होतात, त्यांची छायाचित्रे सगळीकडे फिरतात आणि त्याखाली हमखास जपानच्या चेरीची आठवण काढलेली असते. झाड आहे गुलाबी टॅबेबुया, मूळचे मध्य अमेरिकेकडचे. त्याच्या पाकळ्या तळाशी जुळून कर्ण्यासारखी नळी होते आणि पान पंजासारखे, बहुधा पाच दलांचे असते. चेरीच्या पाकळ्या सुट्या असतात, पाकळीच्या टोकाला बारीक खाच असते, एकाच कळीतून देठांचा झुबका निघतो आणि सालीवर आडव्या रेघा असतात. त्या झाडाला हिवाळ्यात खरी थंडी लागते. वर्ध्याच्या उन्हात ते तगायचे नाही. भारताची स्वतःची चेरी हिमालयाच्या अंगाने वाढते, आयुर्वेदात तिला पद्मक म्हणतात, आणि शिलाँगला ती वसंतात नव्हे तर नोव्हेंबरात फुलते. आता कोणी म्हणेल, गुलाबी ते गुलाबी, नावाने काय बिघडते? बिघडते ते हे, की विक्रोळीच्या झाडाखाली उभा असलेला माणूस मनातले जपानचे चित्र पाहत असतो. समोरचे झाड त्या चित्राला टांगायची खुंटी झालेले असते. फुलांनी काही सांगितले असेल तर ते त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नाही.

या म्हणण्याला सर्वांत भारी हरकत आपल्याच दर्शनांतून येते. बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाने प्रत्यक्षाची व्याख्याच अशी केली की ज्यात कल्पनेचा, म्हणजे नाव-जातीच्या जोडणीचा, स्पर्श नाही तेच खरे प्रत्यक्ष. ‘हा पळस’ म्हटले की मागच्या सगळ्या पळसांची आठवण मध्ये आली आणि समोरचा एकमेव क्षण हातचा गेला. वेदान्ताची भाषा वेगळी, पण रोख तिकडेच जातो: नामरूप वरवरचे, त्यात अडकू नका. मला ही हरकत मनापासून आदराची वाटते, कारण नाव घेऊन पुढे सरकणारा माणूस सगळ्यांनी पाहिलेला आहे. पाटी वाचली की त्याचे झाड संपते. पण नैयायिकांनी दिलेले उत्तर अधिक पटते. पहिले पाहणे निर्विकल्प असते हे त्यांनी मान्य केले, मात्र त्यानंतरचे विशेषांसह होणारे सविकल्प पाहणेही प्रत्यक्षच आहे, असे त्यांनी धरून ठेवले. शिवारातला अनुभव त्यांच्या बाजूने साक्ष देतो. नाव ठाऊक नसलेला माणूस ‘लाल फुले’ एवढेच पाहतो. म्हणजे त्याचेही पाहणे कल्पनेतून सुटलेले नाही. त्याची कल्पना फक्त फार ढोबळ आहे. पळस ओळखणाऱ्याला निदान पुढच्या झाडापाशी थांबून विचारावे लागते, की हाच का तो? त्या विचारण्यात डोळा पुन्हा कोरा होतो.

वर्धा जिल्ह्यात बसून या विषयावर लिहिताना विनोबांना टाळता येत नाही. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरून घेतली, आणि पुढे त्यांचा मुक्काम पवनारला धाम नदीकाठी झाला. दहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी लहान मुलाच्या अक्षरओळखीचा दाखला दिला आहे: मुलाला आधी मोठी अक्षरे, मग बारीक, आधी साधी, मग जोडाक्षरे. सृष्टीत परमेश्वर वाचायचा तोही याच क्रमाने. या दहाव्या अध्यायाची मांडणीच बघण्यासारखी आहे. अर्जुन विचारतो, कोणकोणत्या रूपांत मी तुझे चिंतन करू? ‘सर्वत्र मीच आहे’ एवढे सांगून श्रीकृष्णाला विषय संपवता आला असता. तसे न करता तो नावे घेतो: वृक्षांत पिंपळ, ऋतूंत फुलांचा वसंत, पर्वतांत, नद्यांत अमुक अमुक. सगळे एक आहे हे खरे असले तरी तिथवर जायची वाट एकेका ओळखीवरून जाते, असेच हा अध्याय सांगतो असे मी समजतो. अक्षरे न शिकता ‘मला पूर्ण ग्रंथाचा अर्थ कळला’ म्हणणाऱ्यावर आपण विश्वास ठेवत नाही.

तर पळसच वाचून पाहू. फुलोऱ्याच्या वेळी झाडावर पान जवळजवळ नसते. वेड्यावाकड्या फांद्यांवर काळपट-तपकिरी मखमली कळ्यांचे घोस असतात आणि त्या मखमलीतूनच केशरी पाकळ्या बाहेर येतात. पाकळ्या पाच: एक रुंद, मागे वळलेली, दोन बाजूच्या, आणि दोन जुळून झालेली बाकदार चोच. बाहेरून बोट फिरवले तर चंदेरी लव लागते. त्या चोचीत पुंकेसर दडलेले असतात, तळाशी मध असतो, आणि शिंजीर मधासाठी आत घुसला की पराग त्याच्या अंगाला लागतात. पांगारा याचाच भाऊबंद, त्यालाही तीन दलांचे पान, पण त्याच्या फांद्यांना काटे असतात आणि लालभडक फुलांचा तुरा फांदीच्या टोकाला येतो. काटेसावर तर दुसऱ्याच कुळातली: पाच जाड मांसल पाकळ्या, मधोमध केसरांचा गुच्छ, खोडावर शंकूसारखे काटे. लांबून तिन्ही लाल. जवळून पाहिले की तिघांनी पाखरांना बोलवायच्या तीन वेगळ्या रीती काढल्या आहेत हे दिसते. एकरंगी आनंदाच्या जागी तीन आनंद आले, आणि तिन्ही आपल्या मनाने बनवलेले नाहीत.

न ओळखता पाहण्याचा आणखी एक प्रकार आपल्या परंपरेनेही केला आहे. रूप आहे, कुळ आहे, पण विद्या नाही अशा माणसाला संस्कृत सुभाषितकाराने गंधहीन पळसाची उपमा दिली आणि ती शतकानुशतके पाठ झाली. पळसाला मोगऱ्याच्या तराजूत तोलणे हा मला अन्याय वाटतो. पक्ष्याला बोलवायला रंग आणि मध लागतो, वासाचे त्याला फारसे काम नाही. जे उणे म्हणून सांगितले ते त्या झाडाच्या जगण्याचे साधन आहे. फुलाला धड्याचे साहित्य केले की असे होते. जपानमध्ये याची किंमत फार मोठी पडली. क्योतोतल्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात, इतके त्या लोकांचे त्या झाडावर लक्ष. पाकळी चटकन गळते, त्यातून अनित्यतेचा विचार आला, तो बुद्धाच्या शिकवणीशी जुळणारा आणि सुंदर होता. पण विसाव्या शतकात त्याच गळणाऱ्या पाकळीला तरुण सैनिकाच्या मरणाचे चिन्ह केले गेले, आणि 1945 साली आत्मघाती हल्ल्यासाठी वापरलेल्या विमानाला ‘ओका’ म्हणजे चेरीचे फूल हेच नाव दिलेले होते. झाडाने मरणाबद्दल काही सांगितले नव्हते. पाकळी गळते, कारण तिचे काम झालेले असते. फुलातून अनित्यता शिकू नये असे माझे म्हणणे नाही. मात्र आधी फूल काय करते ते पाहावे, मग त्याच्याकडून शिकावे. क्रम उलटला की फुलाच्या तोंडी काहीही घालता येते.

दुसरी हरकत अधिक टोचणारी आहे. कापसाला भाव नाही, कर्ज फिटत नाही म्हणून ज्या मुलखात शेतकऱ्याने जीव दिला, तिथे फुले ओळखत हिंडणे हा पोटभरल्यांचा धर्म नाही का? सेवाग्राम याच जिल्ह्यात आहे, आणि गांधीजी तर फुलांच्या हारापेक्षा हातसुताचा हार पसंत करत. हरकतीतले दुःख खरे आहे. पण ओळख ही पोटभरल्यांची मिरास आहे हा तिच्यातला समज चुकीचा आहे. पळसाच्या पानाच्या पत्रावळी आणि द्रोण लावणाऱ्या बाईला, फुले उकळून धुळवडीचा रंग करणाऱ्या पोरांना तो पर्यटकापेक्षा कितीतरी नीट ठाऊक असतो. मारुती चितमपल्लींनी जंगलातली नावे आणि खुणा रानात राहणाऱ्या माणसांकडून वेचल्या, त्या वाचल्या म्हणजे ज्ञान कोणाकडे होते हे कळते. शिवाय धुऱ्यावरच्या फुलाला तिकीट नाही आणि गाभारा नाही. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी 1928 साली दलितांसाठी खुले केले, तेव्हा देशभर खळबळ झाली. इतका दर्शनाचा अधिकार आपण अडवून ठेवला होता. पळसाच्या दर्शनाला कोणी कोणाला अडवलेले नाही. ज्याच्या वाट्याला फार थोडे आहे त्याला एवढेही ‘तुझ्या कामाचे नाही’ म्हणून सांगणे मला कठोर वाटते. आणि सुताच्या हाराने फुलाचा अनादर कुठे होतो? तोडलेले फूल गळ्यात नको म्हटले की ते झाडावर राहते.

तोडण्याचा प्रश्न मात्र भाविकांशी मोकळेपणाने बोलायला हवा. पहाटे दुसऱ्याच्या कुंपणातल्या फांद्या ओरबाडून परडी भरणारी माणसे गावोगाव आहेत, आणि पान, फूल, फळ, पाणी भक्तीने दिले तर मी ते घेतो, हे गीतेतले वचन ती पुढे करतात. त्या वचनात जोर भक्तीवर आहे, परडीच्या भरण्यावर नाही. कळ्या खुडून नेल्या की शिंजिराचा मध गेला, शेंग गेली, पुढचे झाड गेले. ज्याने हे सगळे केले त्यालाच ते परत देताना मध्ये इतक्यांचे हिरावून घ्यायचे कशाला? पळसाखाली सकाळी गळलेल्या फुलांचा सडा असतो. रंगालाही तो पुरतो, देवालाही पुरेल.

शेवटची हरकत माझ्याच बाजूतली आहे: ओळखीनेच घात होतो. कासच्या पठाराचे नाव झाले, 2012 साली ते जागतिक वारशात गेले, आणि गर्दी आवरायला संख्येची मर्यादा घालावी लागली. पांढऱ्या फुलांचा पळस तर विरळाच, आणि त्याच्याशी गुप्तधनाची समजूत चिकटलेली. असे झाड सापडल्याची कुणकुण लागली की त्याच्या सालीवर, मुळांवर हात पडतो. तरीही अज्ञान हे झाडाचे संरक्षण नाही. धुऱ्यावरचा साधा केशरी पळस कोणालाही विरळा वाटत नाही, म्हणून रस्ता रुंद करताना, वावर सपाट करताना तो विचार न करता जातो, आणि त्याच्या बदल्यात नर्सरीतून लवकर वाढणारी, परदेशी, गुलाबी रोपे येतात. टॅबेबुयाशी माझे वैर नाही. मुंबईच्या धुरात तो फुलतो याचे कौतुकच आहे. पण ज्या गावाने पळस नुसता ‘लाल फुले’ म्हणून पाहिला, त्याला या अदलाबदलीत काही गेले असे वाटणारच नाही. ग्रामपंचायतीच्या सभेत वृक्षारोपणाची यादी वाचली जाते तेव्हा पळस, मोह, बहावा ही नावे मागणारी दोन माणसे तरी बसलेली असावी लागतात, आणि ती माणसे फाल्गुनात धुऱ्यापाशी थांबलेली असावी लागतात.