काचेआडचे देव

नागपूर ही महाराष्ट्राची उपराजधानी असली, तरी राजधानीची वर्दळ तिला लाभते ती हिवाळ्यातच. १९५३ च्या नागपूर कराराला जागून विधिमंडळाचे एक अधिवेशन तेथे भरते आणि त्या दिवसांत मारेगाव, वणी, पांढरकवडा या बाजूची माणसे निवेदनांच्या पिशव्या सांभाळत, शाली गुंडाळून पहाटेच्या एस.टी.त बसलेली दिसतात. कुणाचा प्रश्न कापसाच्या भावाचा, कुणाचा वनजमिनीच्या पट्ट्याचा. साहेबांची भेट संध्याकाळची ठरली, की दिवस घालवायला सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय असते. आपल्या विदर्भाच्या तोंडी त्याचे नाव 'अजब बंगला'. भुसा भरलेले वाघ पाहायला मुले पुढे धावतात, आणि त्यांच्यामागून चालणारी मोठी माणसे आदिवासी दालनाशी आली की थबकतात.

थबकण्याचे कारण साधे आहे. काचेआड मांडलेले ढोल, दागिने, शिकारीची साधने यांतले पुष्कळसे आमच्या तालुक्यातील माणसाला परके नाही. कोलाम पोडांत आणि गोंडांच्या वस्त्यांत असा ढोल आजही वाजतो. तो येथे निमूट बसला आहे आणि त्याच्याशेजारी एक चिठ्ठी आहे. जी वस्तू अजून कुणाच्या तरी सणाला लागते, ती पुराणवस्तू कशी झाली, असा प्रश्न अशा वेळी मनात येतो. आणि त्यामागून दुसरा, अधिक अवघड प्रश्न येतो. पूजेची वस्तू पाहण्याची वस्तू होते, तेव्हा ती वाचली म्हणायची की हरवली?

हे संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. त्यामागे सर रिचर्ड टेंपल यांची सत्ता होती, तसा स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचा ध्यासही होता. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. धर्मोपदेश आणि शाळा हे त्यांचे नेमलेले काम. पण दगड, जीवाश्म, गोंडांची भाषा आणि गाणी यांनी त्यांना असे वेड लावले, की त्यांच्या मृत्यूचे निमित्तही तेच ठरले. टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी पुराच्या पाण्यात ते बुडाले. परधानांच्या मुखातून टिपून घेतलेली लिंगोची कथा त्यांच्या कागदपत्रांत होती. टेंपल यांनी ती १८६६ मध्ये छापवली. ते पंथाने प्रॉटेस्टंट, आपण कॅथलिक. परंतु ज्या लोकांना आपला धर्म सांगायला आलो, त्यांचे स्वतःचे काय आहे ते आधी ऐकावे, ही त्यांची वृत्ती कोणाही ख्रिस्ती माणसाने आदराने स्मरावी अशी आहे. असा माणूस वस्तू गोळा करतो तेव्हा त्याला लुटारू म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही शंका उरते. कित्येक गोंड कुळांत देव, म्हणजे त्यांचे पेन, वर्षभर झाकून, वस्तीपासून दूर झाडावर ठेवतात. ठरल्या वेळी, ठरल्या माणसांनीच ते बाहेर काढायचे. त्यांचे पावित्र्य त्या झाकण्यात आहे. संग्रहालयाचा धर्म नेमका उलटा: जे आहे ते सदा, सर्वांना, उजेडात दिसले पाहिजे. हा विरोध आपल्याला समजायला जड जाऊ नये. दुःखसहनाच्या दिवसांत मूर्ती जांभळ्या वस्त्राखाली झाकण्याची रीत आपल्याकडेही आहे, आणि वेदीवरील प्रसादकोशाचे दार कुतूहलासाठी कोणी उघडत नाही.

उत्तरेकडे, जेथे हिवाळा खराखुरा हिवाळा असतो, तेथे ही गोष्ट आपल्याच संतांच्या वाट्याला आलेली आहे. स्टॉकहोममध्ये डिसेंबरात दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. बर्फ आणि अंधार टाळून माणसे संग्रहालयांत शिरतात. तेथील ऐतिहासिक संग्रहालयात मध्ययुगीन लाकडी मूर्तींचे दालन आहे: पवित्र मरिया, संत, क्रूसावरील प्रभू. खेड्यापाड्यांतील चर्चमधून त्या आल्या. १५२७ नंतर स्वीडनच्या राजाने रोमशी नाते तोडले आणि हळूहळू त्यांच्यापुढचा नवस-प्रार्थनेचा व्यवहार थांबला. बऱ्याच मूर्ती चर्चच्या माळ्यावर, अडगळीत गेल्या. संग्रहालयाने त्यांना धूळ आणि किडीपासून सोडवले. त्याबद्दल उपकारच मानले पाहिजेत. पण ज्या मूर्तीचे पाय शेकडो हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत होत आले असतील, तिला आता हात लावायची मनाई आहे. त्याच शहरातील स्कान्सेन हे १८९१ साली उघडलेले खुले संग्रहालय मला अधिक शहाणे वाटते. १७३० च्या सुमाराचे सेग्लोराचे लाकडी चर्च तेथे उचलून आणून पुन्हा उभारले आहे, आणि त्यात आजही विवाह लागतात. म्हणजे वास्तू जपली, आणि तिचे कामही तिच्याकडेच राहू दिले.

याच स्टॉकहोममधली दुसरी एक हकिकत मला विसरता येत नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हाइस्ला लोकांचा एक कोरीव स्मृतिस्तंभ, १८७२ साली उभारलेला, १९२९ मध्ये तोडून स्वीडनला नेण्यात आला. वारसांना तो परत हवा होता. संग्रहालयाचे म्हणणे असे, की नेल्यावर तो नीट, छपराखाली जपला जावा. हाइस्लांचे म्हणणे निराळेच होते: असा स्तंभ उभा राहतो, झिजतो, पडतो आणि मातीला मिळतो, त्याचे कुजणे हाही त्याच्या विधीचाच भाग. अखेर २००६ साली स्तंभ परत गेला, आणि हाइस्ला कारागिरांनी घडवलेली त्याची प्रतिकृती स्टॉकहोमला राहिली. कोपनहेगननेही १६८९ पासून आपल्याकडे असलेले तुपिनांबा लोकांचे लाल पिसांचे वस्त्र २०२४ मध्ये ब्राझीलला दिले. मात्र ते गेले पुन्हा एका संग्रहालयातच.

जपणे म्हणजे वस्तू टिकवणे, हे आपण गृहीतच धरतो. पण भाद्रपदातल्या गणपतीची माती नदीला देणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये आपण राहतो. आपल्या ख्रिस्तसभेचा नियमही पाहावा. आशीर्वादित वस्तू जीर्ण झाली, तर ती विकायची नाही, उकिरड्यावर टाकायची नाही. जाळावी किंवा पुरावी. झावळ्यांच्या रविवारी हाती घेतलेल्या झावळ्याच पुढच्या वर्षी राख होऊन आपल्या कपाळी येतात. दुसरीकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने महागुरूंना बजावले आहे, की देवघराची भूषणे असलेल्या मौल्यवान वस्तू विकल्या जाऊ नयेत, विखुरल्या जाऊ नयेत. गोव्यात १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उघडले आणि २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात गेले, ते या दुसऱ्या कर्तव्यापोटीच. राख आणि कपाट, दोन्ही मार्ग ख्रिस्तसभेला मान्य आहेत. कोणता केव्हा, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते.

माझ्यापुरते मी एक गमक धरले आहे. त्या वस्तूसमोर काय करायचे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तिच्यापर्यंत पोहोचता येते का? अजब बंगल्यातच याचे एक नवलाचे उदाहरण आहे. रामटेकजवळच्या हमलापुरी येथे सापडलेल्या वाकाटककालीन बुद्धाच्या कांस्यमूर्ती तेथे आहेत. शतकानुशतके त्या जमिनीत होत्या. वर या भूमीत त्यांच्यापुढे हात जोडणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. मूर्ती मातीतून वर आल्या, तोवर त्यांना ओळखणारी माणसे वर तयार होती. त्या दालनात एखादी नऊवारीतली आजी चप्पल बाजूला काढून उभी राहते, तेव्हा ते दालन तेवढ्यापुरते विहार होते. पहारेकऱ्यानेही तेवढा वेळ दुसरीकडे पाहावे.

याच गमकाने वसईच्या घंटांकडे पाहिले, तर आपल्या लोकांना न रुचणारे काही म्हणावे लागते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर, वाईजवळचे मेणवली, भीमाशंकर येथे त्या आजही आहेत. त्यांची गोष्ट सांगताना आपले वडीलधारे अजून हळहळतात. त्या विजयाची खूण म्हणून नेल्या, हे खरे, आणि ते विसरायचे कारण नाही. पण घंटा घंटेच्याच जागी, देवाच्या दारी टांगलेली आहे. कोणी काचेत ठेवून तिच्या धातूचे प्रमाण लिहिलेले नाही. परत मिळून त्या एखाद्या संग्रहालयात मुक्या होणार असतील, तर त्या नाशिकलाच राहाव्यात, असे माझे मत आहे.

हा प्रश्न फक्त राजधान्यांचा आहे असे कोणी समजू नये. आमच्या भागातल्या लहान धर्मग्रामांतही जुनी सागवानी मूर्ती वाळवीने पोखरली की फायबरची नवी, चकचकीत मूर्ती येते, आणि जुनी साक्रिस्तीच्या कपाटामागे तोंड फिरवून उभी राहते. तिला ना राख मिळते, ना काच. एक-दोन वर्षांनी रंगकाम निघते, मजूर ती उचलून बाहेर ठेवतो आणि पाऊस येतो. धर्मग्राम समितीच्या बैठकीत वर्गणीवर दोन तास बोलणाऱ्यांनी या मूर्तीसाठी दहा मिनिटे काढावीत. जिच्यापुढे आपल्या आईने दुष्काळात गुडघे टेकले, ती डागडुजी करून ठेवायची, की प्रार्थना म्हणून आवारातल्या कडुनिंबाखाली पुरायची? पुरायची ठरली तर मुलांनाही बोलवावे, आणि खड्डा खोल काढावा. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात.