नाममुद्रा

वाचक माउली, ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आपले नाव यावे असे वाटणे हा अहंकार आहे काय? मागच्या विजयादशमीला नागपुरात एका तरुणाने मला हा प्रश्न केला. तो आपल्यासमोर ठेवतो.

मुलगा शेतमजुराच्या घरातला. कथा लिहितो, वहीत ठेवतो. त्या दिवशी तो दीक्षाभूमीवर गेला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्या स्मरणासाठी दरवर्षी तिथे लाखोंचा समुदाय येतो, आणि परतताना पुस्तके घेऊन जातो. त्यांची वाट वेगळी, आपली वेगळी. ती आपल्यात ओढण्याचा माझा हेतू नाही. पण ग्रंथासाठी पदर मोडणारी माणसे पाहिली की हात आपोआप जोडले जातात.

तरुण दिवसभर दुकाने फिरला. एका प्रकाशकापुढे त्याने वही धरली. त्या गृहस्थांनी ती न उघडताच छपाईचा खर्च सांगितला. पैसे भरले की नाव आणि फोटो मुखपृष्ठावर. दुपारी एका दुकानापाशी डोक्यावर गाठोडे घेतलेली म्हातारी उभी होती. ती विचारत होती, "बापू, मोठ्या अक्षराचं हाये का? नातीले वाचता आलं पाह्यजे." तिने लेखकाचे नाव विचारले नाही. संध्याकाळी हे सारे सांगून तो म्हणाला, "महाराज, मग माझं नाव कशाला हवं?"

पूर्वपक्ष असा: वारीत लाखो चालतात, नाव कोण विचारतो? एकमेकांच्या पाया पडताना आपण फक्त माउली म्हणतो. तेव्हा नावाची हौस टाकावी.

पण अभंग पाहा. शेवटच्या चरणात संतांनी आपली नाममुद्रा ठेवली आहे. ज्यांनी देहाचा अभिमान सोडला त्यांनी नाव का ठेवले? एक कारण असे की नाव म्हणजे जबाबदारी. हे मी बोललो, याचा जाब मला विचारा. दुसरे असे की मुद्रा शेवटी येते. आधी सांगायचे ते सांगून झालेले असते. जनाबाई तर आपली ओळख देताना नामदेवरायांशी असलेले नातेही सांगते. तिच्या मुद्रेत एकटेपण नाही.

आता चोखोबांकडे या. महाद्वाराच्या आत ज्यांना पाऊल टाकता आले नाही, मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ज्यांचा अंत झाला, त्यांच्या वाणीतून नाव पुसले असते तर काय उरले असते? वाणी कुणाच्याही नावावर गेली असती. १९४८ साली बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. मुद्रा राहिली म्हणून सहा शतकांनंतरही हाक पोचली. ज्याचे नाव पिढ्यान् पिढ्या कुणी लिहून घेतले नाही, त्याने ते लिहिले तर त्याला अहंकार म्हणायला आपली जीभ रेटू नये. नाव असलेल्याने नाव टाकणे हा त्याग. नाव नाकारलेल्याकडून तोच त्याग मागणे हा अन्याय.

मग अहंकार कुठे? मजकुराआधी नावाचा सौदा होतो तिथे. ज्ञानेश्वरी लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा, तुकोबांचे अभंग उतरून घेणारे संताजी जगनाडे, शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणारे नाथमहाराज, या सर्वांनी दुसऱ्याच्या शब्दासाठी हात झिजवले. त्यांची नावे राहिली ती सेवेच्या मागोमाग. नाव पुढे पळू लागले की सेवा मागे पडते, एवढेच ओळखायचे.

त्या तरुणाला मी म्हणालो, "बाळा, नाव जरूर घाल. पण त्या आजीच्या नातीला वाचून काही मिळेल असे आधी लिही."

आणि माउली, आपल्याही गावात कुणी असा वही घेऊन दारात येईल. त्याला निरहंकाराचे निरूपण ऐकवण्याची घाई करू नये. आधी त्याची वही उघडावी, आणि बसून वाचावी.

रामकृष्ण हरी.