कुठं उभं राहायचं

भाचीनं वर्षभर शिकवण्या घेऊन चाळीस हजार रुपये साठवले होते. त्या रविवारी सकाळी ती एका कागदाच्या मधोमध उभी रेघ मारून माझ्यासमोर बसली. रेघेच्या डावीकडं बॉडी, उजवीकडं लेन्स.

डावी बाजू चटकन भरली. एका दुकानात वापरलेला निकॉन डी ७२०० होता, २६ हजारांना, शटर ३१ हजार वेळा उघडलेलं. त्या शटरची चाचणी दीड लाख क्लिकपर्यंत झालेली असते, म्हणजे हौशी हाताला ते पुष्कळ पुरेल. "पण मामा, डीएसएलआरचे दिवस संपले म्हणतात. कंपन्यांचं सगळं लक्ष आता मिररलेसकडं आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, म्हणूनच तर तुला हा परवडतोय. निकॉनचा हा माउंट १९५९ सालापासूनचा. त्यावर बसणाऱ्या जुन्या लेन्स कितीतरी घरांत कपाटात पडून आहेत. शिवाय डी ७२००च्या बॉडीत फोकसची मोटर आहे, त्यामुळं माझी जुनी ५० मिलिमीटरची डी लेन्स तिच्यावर आपोआप फोकस करेल. डी ३५०० किंवा डी ५६०० घेतलास तर तीच लेन्स हातानं फिरवत बसावं लागेल. तिनं मान डोलावली आणि पेन रेघेच्या उजवीकडं नेलं.

उरले चौदा हजार.

"३५ मिलिमीटर, एफ १.८. एकच घे आणि वर्षभर दुसरीचं नाव काढू नकोस," मी म्हटलं.

"मला ७०-३०० हवी आहे."

मी तिला चिपळूणच्या स्वयंपाकघराची आठवण दिली. गेल्या श्रावणात तिनं मैत्रिणीच्या कॅमेऱ्यावर कीट लेन्सनं आजीचे फोटो काढले होते. एका खिडकीचा उजेड, बाहेर पाऊस. सगळे फोटो हललेले. ती लेन्स पुढं नेली की एफ ५.६वर जाते. एफ १.८ तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. जिथं शटर सेकंदाचा दहावा भाग उघडं ठेवावं लागलं, तिथं शंभरावा भाग पुरला असता. आजीचा वरवंट्यावरचा हात स्पष्ट आला असता.

"हे मान्य आहे," ती म्हणाली. "पण स्वयंपाकघरातच फोटो काढायचे असते तर मी कॅमेराच घेतला नसता."

मग मी माझा मुख्य मुद्दा काढला. गेली पंचवीस वर्षं मी तो मानत आलोय. लोकांना वाटतं, टेलीलेन्स लांबचं जवळ आणते. तसं होत नाही. समोरच्या माणसाचं आणि त्याच्यामागच्या भिंतीचं एकमेकांशी असलेलं नातं लेन्सनं बदलत नाही, ते फक्त तुम्ही कुठं उभे आहात यावर ठरतं. एकाच जागेवरून ३५नं काढा नाहीतर ३००नं. पहिल्या फोटोचा मधला तुकडा कापून मोठा केला तर दोन्हींत वस्तूंची मांडणी सारखीच दिसेल. म्हणजे फोटोतला खरा निर्णय उभं राहण्याच्या जागेचा असतो. झूम हातात असली की माणूस जागेवर उभा राहून नळी फिरवतो. एकच लेन्स असली की पाय हलवावे लागतात, दोन पावलं पुढं, गुडघ्यावर, पायरीवर, आणि त्या हलण्यातच नजर तयार होते.

तिनं हे लक्ष देऊन ऐकलं. थोडा वेळ पेनचं टोपण उघडत-मिटत राहिली.

"म्हणजे सगळं जागेवर आहे."

"सगळं."

"मग मामा, तुझी जागा आणि माझी जागा एक नाही. जूनमध्ये तुझा कॅमेरा घेऊन मी मंडईत गेले होते, ती ५० लावूनच. तू सांगितलंस तसं जवळ गेले. तू पुढं जातोस तेव्हा लोक बाजूला होतात. मी पुढं गेले तेव्हा लोक माझ्याकडं बघायला लागले. मी लसूणवालीचा फोटो काढत होते आणि चार जण माझ्यामागं उभं राहून माझ्या स्क्रीनमध्ये बघत होते. एकानं विचारलं, कुठं टाकणार हा फोटो? दोन पोरं गणपतीच्या देवळापर्यंत मागं आली. तू म्हणतोस दोन पावलं पुढं. त्या दोन पावलांची किंमत आपल्या दोघांना सारखी पडत नाही."

मी म्हटलं, होमाई व्यारावालांचं बघ. जन्म १९१३चा. साडी नेसून, जड स्पीड ग्राफिक सांभाळत दिल्लीत उभ्या राहायच्या, सगळ्या पुरुष छायाचित्रकारांच्या गर्दीत. नेहरू, माउंटबॅटन, सगळे त्यांनी जवळून टिपले.

"त्या नोकरीवर होत्या. ती गर्दी त्यांना ओळखत होती, त्यांना तिथं बोलावलेलं असायचं. त्यांनी केलं ते मोठंच आहे. पण त्या थोर होत्या म्हणून मंडई माझ्यासाठी सोपी होत नाही. आणि १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा, हेही तूच मला सांगितलंयस."

मग मी कार्तिए-ब्रेसाँकडं वळलो. आयुष्यभराचं बहुतेक काम त्यांनी लायका आणि ५० मिलिमीटरच्या एका लेन्सवर केलं. १९४७-४८मध्ये ते भारतात होते. गांधीजींच्या अंत्ययात्रेची त्यांची छायाचित्रं आजही पाहिली जातात. कॅमेऱ्याचा चकचकीत भाग कुणाच्या डोळ्यात येऊ नये म्हणून ते त्यावर काळी पट्टी चिकटवत.

"त्यांना कॅमेरा झाकता येत होता," ती म्हणाली. "मी काय झाकू?"

यावर मला तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. तरी मी मागं हटलो नाही, कारण माझ्या मते यात एक नैतिक गोष्ट आहे आणि ती सोयीपेक्षा मोठी आहे. मी म्हटलं, लांबून काढलेला फोटो हा त्या माणसाला न विचारता घेतलेला असतो. त्याला कळतही नाही. तीनशे मिलिमीटरवरून मिळतो तो चेहरा, माणूस मिळत नाही. जवळ गेलं की तो बघतो, कपाळाला आठी घालतो, हात आडवा करतो, हसतो. त्याला नाही म्हणता येतं.

"येतं? लसूणवाली तुला नाही म्हणेल?"

"का नाही म्हणणार?"

"तू वीस वर्षं तिच्याकडून लसूण घेतोयस. तिच्यासाठी तू साहेब आहेस, गिऱ्हाईक आहेस. तू कॅमेरा वर केलास की ती ओढणी नीट करते आणि हसते. तू तिला दिसतोस, हे खरं. पण दिसणं वेगळं आणि नाही म्हणता येणं वेगळं. मी लांबून काढला तर निदान तिला माझ्यासाठी हसावं लागणार नाही."

"मग तिची परवानगी?"

"काढल्यावर जाऊन दाखवेन. नको म्हणाली तर पुसेन. तू तुझे फोटो कधी दाखवलेस तिला?"

दाखवले नव्हते. एकदा छापून नेऊन देऊ असं तिला म्हटलं होतं, दिले नाहीत. हे मी भाचीला सांगितलं.

ती थांबली नाही. "आणखी एक. तू आता एका लेन्सवर आलायस, पण त्याआधी किती घेतल्यास? कीट, मग टेली, मग मॅक्रो, मग वाइड. दहा वर्षं सगळं करून बघितलंस आणि मग म्हणालास, एवढं पुरे. ते तुझं पुरे आहे. मला सुरुवातीलाच त्याच्यावर आणून बसवलंस तर तो संयम होत नाही, ती फक्त माझ्याकडची कमी होते."

मी उठलो. चहा टाकला. तिचा युक्तिवाद मोडता येईल का, हे पाणी उकळेपर्यंत मनात घोळवत होतो. ३०० मिलिमीटर हातात धरायचं तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास हवं, पावसाळी पुण्यात एफ ५.६वर तेवढा उजेड कुठून येणार, आयएसओ चढवला की दाणे येणार, वगैरे. हे सगळं खरं आहे आणि तिच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, हे कप भरतानाच कळत होतं. मग चहा तसाच ओट्यावर ठेवून मी आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं.

माझ्याकडं ७०-३०० आहे. हे मी तिला सकाळपासून सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी भिगवणला रोहित पक्षी बघायला जायचो तेव्हा घेतलेली. मग वापर थांबला. चिपळूणच्या घरात दोन पावसाळे ती कातडी पिशवीत बंद राहिली. सिलिका जेलच्या पुड्या केव्हाच ओल्या होऊन निकामी झालेल्या. कातडं आणि दमट हवा, बुरशीला आणखी काय लागतं? मोबाईलचा उजेड मागून टाकला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू, कडेपासून मध्याकडं सरकलेले.

भाची दारात येऊन उभी होती.

"साफ होईल?"

"होईल कदाचित. पण तंतूंनी काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग राहील. उजेडासमोर धरलीस तर फोटो धुरकट येईल."

"हिनं काढलेलं काही आहे?"

होतं. त्याच कपाटात, पाकिटात. बरेचसे पक्षी, आणि एक आईचा फोटो. चिपळूणच्या अंगणाच्या पार टोकाला आंब्याखाली उभं राहून मी नवी लेन्स तपासत होतो आणि आई मागच्या पडवीत सुपारी कातरत बसली होती. तिला माहीत नव्हतं. तोंड किंचित उघडं, एक पाय दुमडलेला, पदर खांद्यावरून घसरलेला. अडकित्ता अर्ध्यात थांबवून ती कशाचा तरी विचार करत होती. जवळून काढलेले तिचे शंभरएक फोटो माझ्याकडं आहेत. प्रत्येकात तिनं पदर सावरलाय. घरात फ्रेम केलाय तो त्यांतलाच एक आहे. हा कधी केला नाही. आईला दाखवलाही नाही.

भाचीनं तो बराच वेळ हातात धरला. मला वाटलं, आता ती म्हणेल, बघ. ती तसं म्हणाली नाही.

"आजीला हा दाखवायला हवा होतास," ती म्हणाली. "ती कदाचित फाडून टाक म्हणाली असती."

"म्हणाली असती तर?"

"मग फाडावा लागला असता."

"तू फाडला असतास?"

ती काही बोलली नाही. ती बुरशी आलेली लेन्स तिनं माझ्या जुन्या बॉडीवर चढवली, खटका बसल्याचा आवाज ऐकला आणि गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. तिथून माझ्यावर रोखली. मी दाराच्या चौकटीत उभा होतो, आणि माझा हात शर्टाच्या कॉलरकडं गेलेला मला जाणवला.

"मामा, हात खाली घे."

मी घेतला. तिनं लगेच क्लिक केलं नाही. नळी फिरवून बघितली, एक पाऊल बाजूला झाली, मग कॅमेरा खाली करून म्हणाली, इथून तुझ्यामागं फ्रीज येतोय. आणि चार पावलं पुढं आली.

दुकानदाराला तिनं संध्याकाळी फोन केला. बॉडी शनिवारपर्यंत ठेवायला सांगितली. लेन्सचं विचारल्यावर म्हणाली, आधी एक जुनी साफ करायला किती घेतात ते सांगा.