खड्डा उघडा असताना

पुन्हा पाऊसच दोषी ठरला. रविवारी दीड तास बैठक चालली, चहा दोनदा फिरला, माझ्याखेरीज एकानेही वही-पेन आणलं नव्हतं, आणि आमच्या गल्लीतला रस्ता का खचला याचं उत्तर सगळ्यांनी मिळून आभाळावर ढकललं. ‘अबके बारिश ही ऐसी हुई है.’ हे वाक्य मी त्या दीड तासात सहा वेळा टिपलं. कामाचे साहेब म्हणाले, वॉर्डातले कार्यकर्ते म्हणाले, ते एक वेळ समजू शकते. पण आमच्याच शेजाऱ्यांनी माना डोलावून तेच म्हणावं, याचा मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

पाऊस जास्त झाला म्हणजे किती? इथं ग्वाल्हेरला सरासरीने वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आतच पाऊस होतो. माझं माहेर चिपळूणकडचं. तिथं तीन हजारांवर पडतो, आणि आमच्या घराकडे चढणारी जांभ्या दगडाची पाखाडी माझ्या आजोबांच्या लहानपणापासून जागची हललेली नाही. 2025 साली इथं नेहमीपेक्षा पुष्कळ पाऊस झाला, हे खरं आहे. पण चेतकपुरीचा नवाकोरा रस्ता त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावरच बसला, एकदा नव्हे तर पुन्हापुन्हा. 18 कोटींच्या खर्चाचा आकडा वर्तमानपत्रांत छापून आला, सगळ्या देशाने ती भगदाडं पाहिली. तेव्हाही पहिलं वाक्य पावसाचंच होतं. आणि उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी येतं तेव्हा काय ऐकतो आपण? तिघरा धरणात पाणी नाही, पाऊस कमी झाला. कमी झाला तरी तोच गुन्हेगार, जास्त झाला तरी तोच. ज्याला जाब विचारता येत नाही, ज्याचं बिल अडवता येत नाही, ज्याला निवडून द्यावं लागत नाही, असा एकच आरोपी या शहरात आहे, आणि सगळे त्याच्यावर खूश आहेत.

रस्ता पावसाने खचत नाही. रस्ता पोकळीमुळे खचतो, पाऊस ती पोकळी फक्त दाखवून देतो. सीवरची किंवा पावसाळी पाण्याची वाहिनी टाकायला चर खणतात. वाहिनी बसली की तो चर थराथराने भरायचा असतो: वीतभर माती किंवा मुरूम, त्यावर पाणी, त्यावर रोलर नाहीतर धुम्मस, मग पुढचा थर. चर पुरुषभर खोल असला तर असे आठ-दहा थर होतात. हे काम वेळखाऊ आहे आणि पूर्ण झाल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून तेच टाळलं जातं. जेसीबीने एका दमात माती लोटली की वरून सपाट दिसतं. आत ढेकळांच्या मध्ये हवा असते. त्यावर खडी, त्यावर डांबर. पहिलं पाणी कडेने आत शिरतं, ढेकळं विरघळून खाली बसतात, आणि डांबराचा पापुद्रा खाली आधार नसलेल्या छतासारखा उरतो. मग एखादा पाण्याचा टँकर वरून जातो.

आमच्या गल्लीत हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. मे महिन्यात चर खणला, तेव्हा मी रोज दारात उभी राहून बघत होते. भरणीच्या दिवशी जी माती आत गेली तिच्यात विटांचे तुकडे होते, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या, आमच्याच वाड्याच्या पडक्या ओट्याचा एक कोपरा होता. मी ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, की पाणी कधी मारणार? तो म्हणाला, ‘अम्माजी, बारिश में अपने आप बैठ जाएगी.’ त्याने खोटं सांगितलं नव्हतं. पावसात ती आपोआप बसली.

याच शहराला याहून मोठा धडा मिळालेला आहे. संस्थानच्या दिवसांत, माधवराव महाराजांच्या काळात सांक नदीवर तिघरा धरण बांधलं. ऑगस्ट 1917 मध्ये ते फुटलं. ऐन पावसाळ्यातली गोष्ट. सगळं खापर पावसावर फोडणं तेव्हाही सोपं गेलं असतं. पण धरणांच्या इतिहासात त्याचं कारण नोंदलं गेलं ते पायाचं: ज्या वालुकाश्मावर भिंत उभी होती त्यात पाणी झिरपलं आणि पाया निकामी झाला. कारण नीट शोधून कुणीतरी ते लिहून ठेवलं. नंतर धरण पुन्हा उभं राहिलं, आणि आज लश्कर, मुरार नि जुन्या ग्वाल्हेरचे माठ त्याच पाण्याने भरतात. आमच्या बैठकीत मात्र खाली काय झालं होतं हे विचारायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी लिहून कुणी घेतलं असतं? वही एकच होती.

बाकीच्या सबबीही आल्या. निधी उशिरा आला. 2022 पासून महापौर एका पक्षाच्या आणि राज्य दुसऱ्या पक्षाचं. हे विषय खरे असतील, पण त्यांच्यामुळे माती कमी ठोकली जात नाही.

माझा राग साहेबांपेक्षा आमच्यावर जास्त का आहे, ते सांगते. तो चर उघडा होता तेव्हा गल्लीतून महापालिकेकडे तक्रारी गेल्या. मी स्वतः त्या ऐकल्या आहेत. धूळ फार येते. स्कूटर आत आणता येत नाही. घरात लग्न आहे, अठ्ठावीस तारखेच्या आत बुजवून द्या. सगळ्या तक्रारी बुजवण्याच्या घाईच्या होत्या, नीट बुजवा असं सांगणारी एकही नव्हती. ठेकेदाराला जे हवं होतं तेच आपण त्याच्याकडे हात जोडून मागितलं. आता त्या खड्ड्यात रिक्षाचं चाक गेल्यावर आपण सभा घेतो. जनतेच्या पैशाचा हिशेब डांबर पडल्यावर मागून काही मिळत नाही, कारण तोवर पुरावा डांबराखाली गेलेला असतो. तो चर उघडा असताना मागायचा.

मागायला कायदाही आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात, दुसऱ्याच कलमात, काम प्रत्यक्ष पाहण्याचा आणि वापरलेल्या सामग्रीचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क दिलेला आहे. कागद मागता येतात एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. मूठभर मातीही मागता येते. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे आणि आपल्याकडे चर आठ दिवसांत बुजतो, ही अडचण खरीच. पण काम मंजूर झाल्याचं कळलं त्याच दिवशी अर्ज टाकला तर वेळ जुळते. बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा समोरच्या काकांनी विचारलं, ‘इतका त्रास कोण घेणार?’ काकांनी स्वतःच्या दारासमोर नालीवर चार फूट रुंद ओटा बांधलेला आहे. त्या ओट्याखाली झाडू जात नाही, म्हणून गल्लीचं पाणी नालीत न उतरता रस्त्यावर साचतं आणि चरात मुरतं. नाहीतर ते नाल्याला लागून स्वर्णरेखेत गेलं असतं, तिची आता जी काही नदी उरली आहे तिच्यात. काकांचा ओटा बांधताना मात्र चारी बाजूंनी गिलावा झाला होता, आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारलं होतं. मी पाहिलं आहे. म्हणजे काम कसं करायचं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

मी काकांना हे तोंडावर म्हटलं नाही. चाळीस वर्षांचा शेजार आहे, काकूंच्या आजारपणात आमच्या घरून डबे गेले आहेत, त्यांच्या घरून आमच्याकडे आले आहेत. शेजार सांभाळायचा आणि बोलायचंही, हे मला अजून नीट जमत नाही. म्हणून इथं लिहिते. ते हा स्तंभ वाचतात.

मंगळवारी दत्तमंदिराच्या बाजूने चुन्याची नवी रेघ मारली गेली आहे. पुढच्या आठवड्यात तिथं चर निघेल. भरणीच्या दिवशी सकाळी सातला मी वही आणि मोजायची फूटपट्टी घेऊन तिथं उभी राहणार आहे, आणि पाणी मारल्याशिवाय दुसरा थर पडू देणार नाही. गल्लीत घरं सव्वीस आहेत. दोघींनी येते म्हटलंय. बाकीच्यांना जमत नसेल तर हरकत नाही, पण मग पुढच्या वर्षी माझ्यासमोर पावसाचं नाव काढू नका.